स्टोमा बंद केल्यानंतर: पोटाची घडी पुन्हा बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर उघडलेले आतड्याचे तोंड; त्यातून मल बाहेर लावलेल्या पिशवीत जमा होतो. ही पिशवी निघाली की सारे पूर्ववत होईल, अशा समजुतीने बहुतेक जण आतडे परत जोडण्याच्या शस्त्रक्रियेला सामोरे जातात. मग पहिल्याच आठवड्यात शौचालयाचे दार सोडवेनासे झाले की आपलेच काहीतरी बिघडले असे मानून गप्प बसतात. खालील प्रश्न अशाच माणसांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत आणि त्यांचे शब्द जमतील तितके तसेच ठेवले आहेत. उत्तरे प्रौढ रुग्णांसाठी आहेत. आपल्या शल्यचिकित्सकांनी काही वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे, कारण आपल्या आतड्याचा जोड त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे.

१. पिशवी निघाली, आतडे जोडले गेले. मग पोट पूर्वीसारखे का चालत नाही?

मलाशय ही नुसती वाट नव्हे, ते कोठार आहे. मल येऊन साठू लागला की त्याची भिंत सैलावते, म्हणूनच कळ आली तरी सोयीची वेळ येईपर्यंत आपण थांबू शकतो. कर्करोगासाठी मलाशयाचा भाग काढला असेल तर हे कोठार लहान होते किंवा उरतच नाही, आणि त्याच्या जागी ओढून जोडलेले मोठे आतडे साठवण्यापेक्षा पुढे ढकलण्याचेच काम जाणते. त्यातच, पिशवी होती तितके महिने गुदद्वाराच्या स्नायूंना जवळजवळ कामच नव्हते. प्लास्टरमधून निघालेला पाय जसा पहिल्या दिवशी डगमगतो, तसेच त्यांचे होते.

आणखी एक कारण फारसे कोणी सांगत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण मुख्यतः अन्नातील तंतूंपासून जिवाणूंनी तयार केलेल्या मेदाम्लांवर होते. वरून काहीच येईनासे झाले की हे पोषण तुटते, अस्तराला सूज येते आणि आव सुटते. स्टोमा असतानाही अनेकांना खालून चिकट स्राव का जात असे, त्याचे उत्तर यातच आहे. मलाचा प्रवाह सुरू झाल्यावर ही सूज बहुधा आपोआप ओसरते, आणि स्नायू सरावाने सुधारतात. कोठाराची उणीव मात्र पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. तिच्याशी जुळवून घेण्याचे मार्ग पुढच्या उत्तरांत आहेत.

२. त्याच वॉर्डातील एका रुग्णाला महिन्याभरात काही त्रास उरला नाही. मला एवढा का?

दोघांची शस्त्रक्रिया एकच नसावी. मलाशय शाबूत असताना, उदाहरणार्थ आतडे फुटल्यामुळे, कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) झाली असेल तर ती बंद केल्यावर कोठार जागेवरच असते. अशा व्यक्तीला घाईपेक्षा बद्धकोष्ठतेचाच त्रास अधिक होऊ शकतो. याउलट मलाशयाच्या कर्करोगात जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका त्रास जास्त, आणि ओटीपोटाला किरणोपचार झाले असतील तर त्यात भरच पडते. बाळंतपणात स्नायूला इजा झालेल्या स्त्रियांची ती जुनी कमजोरी अशा वेळी उघडी पडते. म्हणून इतरांच्या महिन्यांशी आपले महिने ताडून पाहू नयेत. त्यापेक्षा डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: मलाशय किती उरले आहे, आणि जोड गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे.

३. शस्त्रक्रियेनंतर पहिली शौच कधी होते?

बहुतेकांना दोन ते पाच दिवसांत. त्याआधी वायू सरतो, आणि ती चांगली खूण असते. आतडे काही दिवस सुस्त पडून पोट फुगणे व उलट्या होणे हेही नवल नाही. रुग्णालयात त्यावर उपचार होतात. पहिली शौच पातळ, अचानक आणि कधी थोड्या जुन्या रक्ताने किंवा आवेने मिसळलेली असू शकते. अंथरूण खराब झाले तर संकोच नको. परिचारिकांना याची पुरेपूर कल्पना असते.

४. दिवसातून किती वेळा जावे लागणे सामान्य मानायचे?

मलाशय काढलेल्या व्यक्तीला सुरुवातीच्या आठवड्यांत दहा-पंधरा वेळा जावे लागले तरी ते ऐकिवात नसलेले नाही. पण नुसत्या आकड्यापेक्षा त्या वेळा कशा विभागल्या आहेत, हे जास्त सांगून जाते. एका बाईंनी आपल्या वहीचे पान पाठवले होते: पहाटे ५.४०, ५.५५, ६.१०, ६.३५, ७.०५, प्रत्येक वेळी थोडेसेच, आणि त्यानंतर थेट दुपारी २ वाजेपर्यंत काहीच नाही. त्यांनी वर लिहिले होते, ‘दिवसभर शौचालयात असते.’ वही मात्र सांगत होती की त्यांची संपूर्ण सकाळ मोकळी आहे. थोड्या थोड्या अंतराने अनेकदा जावे लागण्याच्या या प्रकाराला डॉक्टर ‘क्लस्टरिंग’ म्हणतात.

हा प्रकार, अनावर घाई आणि वायू किंवा पातळ मल नकळत निसटणे, या लक्षणांच्या समूहाला ‘लो अँटीरिअर रिसेक्शन सिंड्रोम’, थोडक्यात ‘लार्स’, असे नाव आहे. त्याची तीव्रता मोजण्यासाठी डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ साली पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली: ० ते २० गुण म्हणजे लार्स नाही, २१ ते २९ म्हणजे सौम्य आणि ३० ते ४२ म्हणजे तीव्र. तपासणीला जाताना हे गुण सोबत नेल्यास ‘त्रास होतो’ एवढ्या मोघम शब्दांवर बोलणे अडत नाही.

५. हे किती काळ चालणार?

सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते बारा महिन्यांत दिसतो, आणि काहींच्या बाबतीत ती दोन वर्षांपर्यंत हळूहळू होत राहते. ही सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन आठवडे छान गेल्यावर तीन दिवस पुन्हा पहिल्यासारखे होतात, आणि त्याच तीन दिवसांत माणसाचा धीर खचतो. दिवसाची तुलना कालच्या दिवसाशी करण्यापेक्षा या महिन्याची मागील महिन्याशी करावी. त्यासाठीच वही ठेवायची. मात्र ‘वर्षभर वाट पाहा’ या सल्ल्याचा अर्थ वर्षभर उपचारांविना सोसत राहा, असा कोणी लावू नये. उपाय पहिल्या महिन्यापासूनच सुरू करता येतात.

६. वायू आहे की मल, हेच कळत नाही. ही जाणीव परत येते का?

बरीचशी येते. निरोगी अवस्थेत आतील स्नायू क्षणभर सैल होऊन मलाशयातील पदार्थाला गुदमार्गाच्या संवेदनशील त्वचेपर्यंत येऊ देतो, आणि तो वायू आहे की द्रव की घन, हे त्या त्वचेला कळते. जोड खाली असला की ही पारख बोथट होते. मल जितका घट्ट, तितकी ती सोपी जाते, म्हणून आधी मल घट्ट करण्याकडे लक्ष द्यावे (प्रश्न ७ ते ९ पाहा). तोपर्यंत खात्री नसेल तेव्हा वायू शौचालयात बसूनच सोडावा, हेच शहाणपणाचे.

७. काय खावे आणि काय टाळावे?

पहिले काही आठवडे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, नीट चावून खावे. भात, केळे, उकडलेला बटाटा यांनी मल घट्ट होण्यास मदत होते. फार तिखट, तळलेले, मद्य, कॉफी, कच्चा कांदा, कडधान्ये आणि साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या गोळ्या-मिठाया यांनी अनेकांना त्रास होतो, पण प्रत्येकाला प्रत्येकाचा होत नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही कमी प्रमाणात, दोन-तीन दिवस खाऊन पाहावा आणि परिणाम वहीत लिहावा.

एका चुकीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. बाहेर जायचे आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणारे पुष्कळ आहेत. उपाशीपोटी आतडे शांत बसत नाही. वायू व आव होतच राहते, आणि संध्याकाळी भरपेट जेवले की सगळे एकदम बाहेर येते. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या शरीराला प्रथिनांचीही गरज असते. जेवणाच्या वेळा नियमित ठेवल्या तर शौचाच्या वेळाही हळूहळू नियमित होतात, कारण पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते. बाहेर जायच्या दिवशी जेवण टाळण्याऐवजी ते लवकर घ्यावे.

८. इसबगोल बद्धकोष्ठतेसाठी असते ना? मग मला जुलाब होत असताना ते का दिले?

इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो. मल कडक असेल तर तो त्याला मऊ करतो आणि पातळ असेल तर त्यातील मोकळे पाणी धरून त्याला आकार देतो. थोडे थोडे जाण्याऐवजी एकदम पोट साफ होण्यासही त्याचा उपयोग होतो. एक चमचा भुशाने सुरुवात करून दर काही दिवसांनी प्रमाण वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते. भुसा कोरडा कधीही गिळू नये, आणि इतर औषधांमध्ये व त्यात साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे. जोड अरुंद झाल्याची शंका असेल (प्रश्न १५ पाहा) तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

९. लोपरामाईड रोज घेतल्यास त्याची सवय लागेल का?

नेहमीच्या मात्रेत त्याचे व्यसन लागत नाही. हे औषध आतड्याची गती मंदावते, पाणी शोषले जाण्यास वेळ देते आणि गुदद्वाराच्या आतील स्नायूचा ताणही किंचित वाढवते. सगळे झाल्यावर घेण्यापेक्षा जेवणापूर्वी अर्धा तास घेतल्यास ते जास्त उपयोगी पडते, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. ठरवलेल्या मर्यादेबाहेर घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होऊ शकतो. ताप, शौचावाटे रक्त, फुगलेले पोट किंवा प्रतिजैविकांनंतर अचानक वाढलेले जुलाब असतील तर ते स्वतःहून घेऊ नये; संसर्ग असल्यास त्याने नुकसान होते.

१०. कळ आली की एक मिनिटही थांबता येत नाही. याला काही उपाय आहे का?

आहे, आणि तो धावण्याच्या अगदी उलट आहे. कळ लाटेसारखी येते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. धावताना पोटावर दाब येतो, मन शौचालयाकडे लागते आणि टोकाच्या क्षणीच स्नायू सुटतो. त्याऐवजी जागीच थांबावे, शक्य असल्यास बसावे, गुदद्वार आवळून धरावे, संथ श्वास घ्यावा आणि लाट ओसरू लागली की शांतपणे चालत जावे. सराव घरीच, शौचालयाच्या दारात उभे राहून सुरू करावा: पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट, मग एक, मग दोन. पुढे दारापासून एकेक पाऊल लांब सरकावे. यात काही वेळा कपडे खराब होतील. तो सरावाचा भाग समजावा. स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

११. आवळण्याचे व्यायाम नेमके कसे करायचे? मी करतो ते बरोबर आहे का, हेच कळत नाही.

वायू रोखून धरताना जो भाग आत आणि वर ओढला जातो, तोच आवळायचा. त्या वेळी पोट, मांड्या आणि नितंब सैल हवेत व श्वास चालू हवा. श्वास रोखला जात असेल किंवा खाली जोर द्यावासा वाटत असेल, तर व्यायाम चुकतो आहे. पाच सेकंद आवळून दहा सेकंद सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. शेवटी काही झटपट आकुंचने करावीत, कारण घाईच्या क्षणी तीच कामी येतात. पूर्ण सैल सोडणे हा व्यायामाचा निम्मा भाग आहे. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी पिशवी असतानाच हा सराव सुरू करावा. झालेली असेल तर शल्यचिकित्सकांची परवानगी घेऊन करावा. ओटीपोटाच्या स्नायूंचे फिजिओथेरपिस्ट तपासून चूक दाखवू शकतात, आणि बायोफीडबॅकमध्ये आपले आकुंचन पडद्यावर पाहता येते.

१२. सतत जाऊन त्वचेची आग होते. काय लावावे?

कागदाने पुसणे थांबवून कोमट पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यावा. आग होण्याची वाट न पाहता घरी आल्या दिवसापासून लावावे. सुगंधी साबण व सुगंधी ओले रुमाल टाळावेत. पुरळ लाल होऊन त्याच्या कडेला बारीक फोड आले तर बुरशी असू शकते. ती साध्या मलमाने जात नाही.

१३. पोटावरची जखम अजून उघडी आहे. आणि वजन कधी उचलता येईल?

स्टोमाच्या जागी काही शल्यचिकित्सक मुद्दाम मध्ये लहानसे छिद्र ठेवतात, जेणेकरून आत संसर्ग अडकून राहू नये. ते काही आठवड्यांत भरून येते. पू, दुर्गंधी किंवा पसरणारी लाली असेल तर मात्र दाखवावे. त्या जागी पोटाची भिंत कमजोर असते आणि हर्निया होऊ शकतो, म्हणून साधारण सहा आठवडे जड वजन उचलू नये व खोकताना हाताने आधार द्यावा. चालणे पहिल्या दिवसापासून करावे.

१४. घराबाहेर पडायचीच भीती वाटते. कामावर परत कसे जाऊ?

धैर्य एकवटून एके दिवशी बाहेर पडावे, या सल्ल्याचा फारसा उपयोग होताना दिसत नाही. तो दिवस बिघडला की माणूस आणखी महिनाभर घरी बसतो. वहीपासून सुरुवात करावी. दोन आठवड्यांच्या नोंदींत रोज शांत जाणारा एक पट्टा सापडतो. प्रश्न ४ मधील बाईंचा तो सकाळी साडेसात ते दुपारी दोन होता. पहिली फेरी त्या पट्ट्यात, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आणि कोणाला काही वचन न देता करावी. मग वीस मिनिटे, मग एखादी भेट, मग वाहनाचा प्रवास. त्या बाईंनी पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन परतल्याचे कळवले होते, आणि तेवढ्याने त्यांना रडू आले होते. ते रडू मला अगदी योग्य वाटते. सहा आठवड्यांनी त्या पुन्हा एकट्याने घराबाहेर पडू लागल्या होत्या.

जवळ एक लहान पिशवी ठेवावी: अंतर्वस्त्र, पँट किंवा परकर, पॅड, मलम, पाण्याची बाटली, खराब कपड्यांसाठी बंद होणारी पिशवी. अनेक जण सांगतात की ती जवळ असली की बहुधा उघडावीच लागत नाही. गडद रंगाचे, सहज सुटणारे कपडे घालावेत. कामावर पूर्ण आजार सांगण्याची गरज नाही. ‘आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मला मध्येच उठून जावे लागेल’ एवढे एका वरिष्ठाला सांगून शौचालयाजवळची जागा मागावी. शक्य असल्यास पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम करावे.

शारीरिक संबंधांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून येथेच लिहितो. जखमा भरल्यावर आणि दोघांना इच्छा असल्यास हरकत नसते. पोट साफ झाल्यानंतरची वेळ निवडावी. ओटीपोटातील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे पुरुषांना ताठरतेची व स्त्रियांना कोरडेपणाची किंवा वेदनेची अडचण येऊ शकते. तिच्यावर उपचार असतात, मात्र ते विचारल्याशिवाय मिळत नाहीत.

१५. चार दिवस पोट साफ नाही आणि आता पातळ गळते आहे. जुलाब थांबवण्याची गोळी घेऊ का?

घेऊ नये. आत कडक मल अडकला की त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि तो जुलाबासारखाच वाटतो. अशा वेळी गती मंदावणारे औषध अडथळा वाढवते. मल बारीक दोरीसारखा येत असेल आणि जोर द्यावा लागत असेल, तर जोड आकसलेला असू शकतो. तो बोटाने तपासता येतो आणि बऱ्याचदा फुग्याने रुंद करता येतो.

१६. कोणत्या लक्षणांसाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे?

वाढत जाणारी पोटदुखी, ताप किंवा थंडी वाजणे, जलद नाडी, थांबत नसलेल्या उलट्या, पोट फुगून वायूही न सरणे, आणि बरेच ताजे रक्त. पहिल्या दोन आठवड्यांत यांपैकी काहीही जोडातून गळती होत असल्याची खूण असू शकते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. तोंड कोरडे, लघवी कमी व गडद, उभे राहताच चक्कर, ही पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. तेव्हा नुसते पाणी न पिता ओआरएस घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

१७. माझे लहान आतड्याचे टोकही काढले आहे. वरील सगळे मला लागू पडते का?

पूर्णपणे नाही. पित्तातील क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जातात. तो भाग काढला असेल तर ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे, जाळणारे जुलाब होतात. अशा वेळी इसबगोल व लोपरामाईड अपुरे पडतात, पण हे क्षार बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन अनेकांना लवकर आराम देते. ते इतर औषधेही बांधून ठेवते, म्हणून ती त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत. जीवनसत्त्व ब१२ ही त्याच भागात शोषले जाते. त्याची तपासणी नियमित करावी. ज्यांचे संपूर्ण मोठे आतडे काढून लहान आतड्याची आतली पिशवी (जे-पाऊच) बनवली आहे, त्यांना स्थिरावल्यानंतरही दिवसाकाठी चार ते आठ वेळा जावे लागणे सामान्य आहे. त्यांनी प्रश्न ४ मधील गुणपद्धती स्वतःला लावू नये.

१८. आहार, औषध, व्यायाम, सगळे करून वर्ष झाले. आता काय?

पुढची पायरी बहुधा गुदद्वारातून आतडे धुण्याची. लहान नळीने कोमट पाणी आत सोडून खालचे आतडे रिकामे केले की अनेकांना एक-दोन दिवस निर्धास्त मिळतात. ही पद्धत प्रशिक्षित परिचारिकेकडूनच शिकावी, कारण क्वचित आतड्याला छिद्र पडू शकते, आणि ताज्या जोडावर ती करू नये. त्यानंतर कमरेच्या मणक्यांखालील मज्जातंतूंना सौम्य विद्युत् स्पंदने देणारे उपकरण बसवता येते. आधी काही दिवस तात्पुरते लावून त्याचा गुण येतो का, हे पाहतात. हे पर्याय कोणी सुचवले नाहीत, तर आपण नाव घेऊन विचारावेत.

१९. कधी कधी वाटते, पिशवीच बरी होती. असे वाटणे चुकीचे आहे का?

अजिबात नाही. सर्व उपाय करूनही दिवस शौचालयाभोवती फिरत असेल, तर कायमची कोलोस्टोमी हा विचारपूर्वक निवडलेला उपचार ठरू शकतो, आणि तो घेतलेल्या अनेकांना आपले फिरणे-काम परत मिळाले आहे. मात्र हा निर्णय पहिल्या वर्षातील वाईट आठवड्यात घेऊ नये आणि प्रश्न १८ मधील मार्ग तपासल्याशिवायही घेऊ नये. या वेळी तो आणीबाणीत होत नसल्यामुळे जागा निवडण्याची संधी असते: शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमा परिचारिकेसमोर उभे राहून, बसून आणि वाकून पाहावे, आणि पट्टा कुठे येतो, पोटाची घडी कुठे पडते, आपल्याला कोणती जागा स्पष्ट दिसते, हे पाहून मगच खूण करून घ्यावी.